सुट्या दाण्यांचे पॉपकॉर्न मायक्रोवेव्हमध्ये का फसतात आणि कसे जमतात

प्रश्न विचारणाऱ्या भगिनींची अडचण थोडक्यात अशी आहे. मायक्रोवेव्हसाठी मिळणारी तयार पाकिटे त्यांना महाग वाटतात, शिवाय त्यांतले मीठ, तेल आणि कृत्रिम स्वाद यांविषयी बरेच उलटसुलट कानावर येते. म्हणून त्यांनी गेल्या दिवाळीत किराणा दुकानातून पॉपकॉर्नचे अर्धा किलो सुटे दाणे आणले आणि उघडे पाकीट तसेच फ्रिजमध्ये ठेवले. परवा, विदर्भातल्या भर उन्हाळ्यात, दोन मुठी दाणे खाकी कागदाच्या पिशवीत घालून, पिशवीला स्टेपलरची पिन मारून त्यांनी ती कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. निम्मे दाणे फुटलेच नाहीत, काही काळे पडले, पिनेपाशी ठिणगी उडाली आणि जळका वास घरातून दिवसभर हटला नाही. घरात सासऱ्यांना रक्तदाब व मधुमेह आहे, मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. नेमके काय चुकले, हा खाऊ खरोखर आरोग्याला चांगला आहे का आणि एवढा खटाटोप करून पैसे वाचतात का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते आणि मायक्रोवेव्ह वापरणाऱ्या गृहिणींचे व वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांचे वर्ग घेते, त्यामुळे ही तक्रार माझ्या ओळखीची आहे. बहुतेक जण वेळ किती लावायचा एवढेच विचारतात. मला मात्र आधी दाण्यात पाणी किती आहे आणि तो कोणत्या भांड्यात तापतो आहे, हे विचारावेसे वाटते. या दोन गोष्टी जमल्या तर वेळ कानाने कळते. त्या बिघडल्या असतील तर घड्याळ कितीही पुढेमागे केले तरी उपयोग होत नाही.

पॉपकॉर्नचा दाणा हा एका अर्थाने शिट्टी नसलेला छोटा प्रेशर कुकर आहे. त्याचे कवच घट्ट आणि आतला स्टार्च काचेसारखा टणक असतो, आणि त्या स्टार्चमध्ये वजनाच्या सुमारे साडेतेरा ते चौदा टक्के पाणी मुरलेले असते. दाणा तापला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण कवच तिला बाहेर जाऊ देत नाही. दाण्याचे तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट झालेला असतो आणि स्टार्च मऊ लगद्यासारखा झालेला असतो. त्या क्षणी कवच फाटते, दाब एकदम उतरतो, लगदा फेसाळून फुगतो आणि लगेच थंड होऊन तसाच कडक होतो. पाणी कमी असेल तर पुरेसा दाब तयारच होत नाही. दाणा तापत राहतो, तपकिरी होतो, शेवटी जळतो. पाणी जास्त असेल तर कवच लवकर फाटते आणि लाही लहान, चामट होते. कवचाला बारीकशी चीर गेली असेल तर वाफ हळूहळू निसटून जाते आणि दाणा मुकाच राहतो. म्हणूनच एकदा तापून न फुटलेले दाणे पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत. त्यांतले पाणी निघून गेलेले असते आणि ते फक्त जळतात.

आपल्या घरांत हे ज्ञान नवे नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करणाऱ्या बायका ज्वारी आदल्या रात्री पाण्यातून काढून, निथळून, फडक्यात बांधून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कढई चांगली तापल्यावरच मूठमूठ टाकतात. दाण्यात ओल हवी, पण वर पाणी नको, आणि आच एकदम मिळाली पाहिजे, हेच त्यामागचे तत्त्व आहे.

आता तुमच्या दाण्यांकडे पाहू. फ्रिजमधली हवा कोरडी असते, त्यातून पाकीट उघडे, वर विदर्भाचा उन्हाळा. इतके महिने असे राहिलेले दाणे वाळलेलेच असणार, असा माझा अंदाज आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात नेमकी उलटी तक्रार येते, कारण तिथे उघडे दाणे हवेतली ओल ओढून घेतात. त्यामुळे एकीच्या घरी जमलेली वेळ आणि पद्धत दुसरीच्या घरी जशीच्या तशी जमेल असे मी कधीच सांगत नाही. फुटलेल्या लाह्यांवरून मात्र निदान करता येते. बरेच दाणे न फुटता तपकिरी झाले तर ते वाळलेले आहेत. लाह्या लहान आणि चावताना रबरासारख्या लागल्या तर ओल जास्त आहे. लाह्या मोठ्या आणि हलक्या झाल्या, पण त्यांतल्या काही करपल्या, तर दाणे उत्तम आहेत आणि तुम्ही मायक्रोवेव्ह बंद करायला उशीर केला आहे.

आणखी एक शक्यता तपासायला हवी, कारण सुटा माल घेताना ती हमखास आड येते. सर्वच मक्याच्या लाह्या होत नाहीत. छत्रपती संभाजीनगर, जालना, नाशिक या पट्ट्यात पिकणारा पिवळा मका मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. त्याचा गाभा मऊ आणि पिठूळ असतो, त्यामुळे तो आतली वाफ कोंडून धरू शकत नाही. कणसे भाजून खातो तो मका किंवा स्वीट कॉर्न वाळवूनही काम भागत नाही. पॉपकॉर्नचा दाणा त्यांच्यापेक्षा लहान, गोलसर किंवा एका टोकाला अणकुचीदार असतो आणि त्याला काचेसारखी चमक असते. दाणा मधोमध खळगा पडलेला, चपटा आणि दातासारखा दिसत असेल तर तो दुसरा मका आहे असे समजावे. दुकानदाराला नुसता ‘मका’ न मागता पॉपकॉर्नचाच मका मागावा आणि शक्य असेल तर ज्याच्याकडे माल लवकर खपतो अशा दुकानातून घ्यावा.

भांड्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. खाकी पिशवीची कल्पना परदेशी पाककृतींवरून आली आहे. अमेरिकेत जेवणाचा डबा नेण्याच्या साध्या कागदी पिशव्या त्यासाठी वापरतात. पण खाकी कागदी पिशव्या आणि वर्तमानपत्र मायक्रोवेव्हमध्ये वापरू नये, अशीच सूचना तिथला कृषी विभागही देतो. आपल्याकडची खाकी पिशवी बहुधा पुनर्वापराच्या कागदाची असते. तिच्यात धातूचे बारीक कण असू शकतात, तिचा डिंक आणि शाई खाद्यपदार्थासाठी बनवलेली नसते आणि तेल लागलेला कागद तापला की पेट घेऊ शकतो. पिन हा तर सरळ धातू आहे. ठिणगी उडाली ती त्यामुळेच. या उपायाला मी वर्गात कधीच परवानगी देत नाही, मग त्याने कितीही पैसे वाचोत.

प्लॅस्टिकच्या डब्याबद्दल लोक मला डब्यावरची ‘मायक्रोवेव्ह सेफ’ ही खूण दाखवतात. ती खूण भात किंवा आमटी गरम करण्यापुरती ठीक आहे, कारण त्या पदार्थांत भरपूर पाणी असते आणि तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. पॉपकॉर्नचे तसे नाही. असे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि ते साधारण १६० अंशांना वितळते, तर दाणा फुटतो १८० अंशांच्या आसपास. तळाशी टेकलेला गरम दाणा प्लॅस्टिकमध्ये खळगा पाडतो. वर्गात मी असा एक डबा मुद्दाम जपून ठेवला आहे. त्याच्या तळाला दाण्यांच्या आकाराचे पांढरट व्रण स्पष्ट दिसतात. मेलामाईनची भांडी, सोनेरी किंवा चंदेरी काठाच्या चिनीमातीच्या बश्या आणि अर्थातच स्टील यांनाही इथे जागा नाही.

उरते ते बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचे खोलगट भांडे, दोन ते अडीच लिटरचे, आणि त्यावर झाकण म्हणून चिनीमातीची साधी बशी. भांड्याचा तळ सपाट आणि पसरट असण्यापेक्षा वाटीसारखा गोलाकार असलेला बरा, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मायक्रोवेव्हमधल्या सूक्ष्मलहरी काचेला जवळजवळ तापवत नाहीत. त्या दाण्यातल्या पाण्याला तापवतात, आणि दाण्यांची उष्णता थंड काच ओढून घेत राहते. दाणे विखुरलेले असले तर प्रत्येक दाणा एकटाच ही उष्णता गमावतो. एकमेकांना लागून असले तर ते परस्परांना तापवतात. तयार पाकिटात हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवलेली असते. त्याच्या तळाशी जो करड्या रंगाचा चौकोन दिसतो त्यात धातूचा अत्यंत पातळ थर असतो, तो सूक्ष्मलहरी शोषून स्वतः तापतो आणि वर पडलेल्या दाण्यांना तव्यासारखी आच देतो. म्हणून पाकिटाची कोणती बाजू खाली ठेवायची हे त्यावर छापलेले असते. पाकिटात न फुटलेले दाणे कमी उरतात ते या चौकोनामुळे, आणि काचेच्या भांड्यात थोडे जास्त उरतात हे मान्य केलेच पाहिजे. पण पाकीट नसेल तर मायक्रोवेव्हमध्ये लाह्या होतच नाहीत हे खरे नाही. मायक्रोवेव्ह भट्टीचा जनक पर्सी स्पेन्सर याने १९४० च्या दशकात ज्या पदार्थांवर सुरुवातीचे प्रयोग केले त्यांत मक्याचे दाणे होते. असली पाकिटे बाजारात यायला त्यानंतर काही दशके जावी लागली.

प्रत्यक्ष कृती आता सांगते. वजनकाटा असेल तर ४० ग्रॅम दाणे घ्यावेत, नसेल तर आमटीच्या मध्यम वाटीचा तिसरा हिस्सा. यापेक्षा फार कमी, म्हणजे अगदी थोडेसेच दाणे टाकू नयेत, कारण सूक्ष्मलहरी शोषायला पदार्थच नसेल तर यंत्रावर ताण येतो. आणि दुप्पटही टाकू नयेत, कारण आधी फुटलेल्या लाह्या तेवढ्या वेळात करपतात. दाण्यांवर एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल घालून ते बोटांनी प्रत्येक दाण्याला चोळावे. तेलाशिवायही लाह्या होतात, पण तेलामुळे उष्णता सर्व बाजूंनी सारखी लागते आणि मीठ-मसाला चिकटायला आधार मिळतो. शेंगदाण्याचे, खोबरेल किंवा नेहमीचे कोणतेही रिफाइंड तेल चालते. लोणी मात्र आधी घालू नये. त्यातला दुधाचा अंश दाणे फुटण्यापूर्वीच जळतो. चांगले कढवलेले तूप चालते.

भांडे फिरत्या काचेवर ठेवावे आणि वरची बशी भांड्याला घट्ट बसू नये, कारण वाफेला वाट हवी. वाफ आत कोंडली तर कुरकुरीत लाहीसुद्धा मऊ पडते. मग मायक्रोवेव्ह पूर्ण शक्तीवर चार मिनिटांसाठी लावावा, पण चार मिनिटे पूर्ण होऊ द्यायची आहेत असे समजू नये. आठशे वॅटच्या यंत्रात पहिला दाणा बहुधा दीड-दोन मिनिटांत फुटतो, मग तडतड इतकी वाढते की आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, आणि पुढे ती विरळ होत जाते. दोन आवाजांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की ताबडतोब बंद करावे. राहिलेल्या दाण्यांचा मोह धरणारा सगळी रास करपवतो. यंत्रावर ‘पॉपकॉर्न’ असे बटण असते, पण ते बहुतेक यंत्रांत ठरावीक वजनाच्या तयार पाकिटाच्या हिशेबाने बसवलेले असते, तेव्हा सुट्या दाण्यांसाठी ते वापरू नये. आणि त्या तीन-चार मिनिटांत फोन घ्यायला दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबून, जाड फडक्याने भांडे बाहेर काढावे. काच मायक्रोवेव्हमुळे तापत नाही असे म्हटले तरी १८० अंशांच्या दाण्यांनी ती चांगलीच तापलेली असते. ते भांडे ओल्या ओट्यावर ठेवल्यास तडा जाण्याचा धोका आहे. लाकडी पाटावर किंवा दुमडलेल्या कोरड्या फडक्यावर ठेवावे. बशी उचलताना तिची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. लगेच दुसरा घाणा करायचा असेल तर लक्षात ठेवावे की भांडे आधीच गरम आहे. या वेळी दाणे लवकर फुटतात आणि पहिल्या घाण्याची वेळ लावली तर दुसरा हमखास जळतो.

तुमचे यंत्र कन्व्हेक्शन प्रकारचे आहे म्हणून एक विशेष सूचना. या यंत्रात तीन वेगवेगळ्या पद्धती एकत्र असतात. कन्व्हेक्शनवर गरम हवा फिरते, ग्रिलवर वरची काडी तापते, आणि या दोन्हींमध्ये दाणा इतक्या हळू तापतो की फुटण्याआधीच वाळतो. तुम्हाला फक्त ‘मायक्रो’ हीच पद्धत निवडायची आहे आणि केक भाजण्यासाठी दिलेली लोखंडी जाळी आधी बाहेर काढायची आहे. तसेच यंत्राबरोबरची माहितीपुस्तिका उघडून पाहा. काही उत्पादक सुटे दाणे भांड्यात फोडायला स्पष्ट मनाई करतात. तसे असेल तर तुमच्या घरी गॅसवरची जाड बुडाची कढई आणि झाकण हाच योग्य मार्ग आहे. खरे सांगायचे तर कढईत दाणे उरतात कमी आणि लाही फुलतेही जास्त. मायक्रोवेव्हचा फायदा एवढाच, की तेल अगदी थोडके लागते, कढई हलवत उभे राहावे लागत नाही आणि वसतिगृहात किंवा कचेरीत जिथे गॅस नाही तिथेही काम होते.

पाकिटांतल्या रसायनांविषयी तुमच्या कानावर जे आले आहे, त्यात खरी माहिती आणि भीती यांची सरमिसळ झालेली दिसते. लोण्याचा वास देणारा डायअसेटिल नावाचा पदार्थ आहे. सन २००० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या माजी कामगारांमध्ये, फुफ्फुसांतल्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा गंभीर आजार आढळला आणि त्याचा संबंध या पदार्थाच्या गरम वाफांशी लागला. ते कामगार रोज कित्येक तास त्या वाफा हुंगत होते. महिन्यातून एखादे पाकीट खाणाऱ्याची स्थिती तशी नसते, आणि पुढे अनेक उत्पादकांनी तो पदार्थ काढूनही टाकला. दुसरा मुद्दा तेल झिरपू नये म्हणून कागदाला दिल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त लेपाचा. हे लेप शरीरात आणि निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात. अशा कामासाठी ते अमेरिकेच्या बाजारात यापुढे विकले जात नाहीत, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. माझे मत विचाराल तर पाकिटाची रोजची अडचण याहून साधी आहे: त्यात बहुधा पामतेल आणि बरेच मीठ आधीच घातलेले असते, आणि ते कमी करणे आपल्या हातात राहत नाही. पाकिटामागची पोषणमूल्ये वाचताना ती संपूर्ण पाकिटाची आहेत की ३० ग्रॅमची, हे जरूर पाहावे.

आता आरोग्याचे. पॉपकॉर्न हे कोंडा आणि अंकुरासकट खाल्ले जाणारे संपूर्ण धान्य आहे, आणि त्याचे मोठेपण तिथेच आहे. तेलाशिवाय फोडलेल्या १०० ग्रॅम लाह्यांत सुमारे ३८५ उष्मांक, १३ ग्रॅम प्रथिने आणि १४ ते १५ ग्रॅम तंतू असतात. अर्थात १०० ग्रॅम लाह्या म्हणजे मोठे पातेलेभर ढीग, तो कोणी एका बैठकीत खात नाही. एका माणसाला २५ ते ३० ग्रॅम पुष्कळ होतात; ३० ग्रॅममध्ये सुमारे ११५ उष्मांक येतात आणि वर चमचाभर तेलाचे ४०. म्हणजे आपल्या ४० ग्रॅम दाण्यांच्या घाण्यात मुलगी आणि आजोबा यांचा चहाच्या वेळचा खाऊ सहज निघतो.

तुमच्या सासऱ्यांसाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. मधुमेहाच्या दृष्टीने लाह्या हलक्या दिसल्या तरी त्या पिष्टमय पदार्थच आहेत. ३० ग्रॅममध्ये २३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, जवळजवळ एका मध्यम फुलक्याएवढी. ‘नुसत्या लाह्याच तर आहेत’ म्हणून त्या हिशेबाबाहेर धरू नयेत; बिस्किटे किंवा फरसाण यांच्या जागी खाव्यात, त्यांच्याबरोबर नव्हे. औषधाची मात्रा आणि जेवणाचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेले असेल, तेच अखेरचे समजावे. रक्तदाबाच्या दृष्टीने खरा शत्रू मीठ आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि सिनेमागृहात मिळतो तसा खारट पॉपकॉर्न त्यातला मोठा वाटा एकटाच खाऊन टाकतो.

मीठ कमी घालूनही चव येण्याची एक युक्ती आहे. नेहमीचे मीठ लाहीवर टिकत नाही, घरंगळून तळाशी जाते, आणि म्हणून आपण आणखी घालतो. तेच मीठ मिक्सरच्या लहान भांड्यात पिठासारखे बारीक करून ठेवले तर चिमूटभरही सगळीकडे चिकटते आणि जिभेला लगेच जाणवते. लाह्या गरम असतानाच ते भुरभुरावे आणि भांडे हलवावे. आंबटपणासाठी लिंबू पिळू नये, लाह्या बसतात, आमचूर वापरावा. भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, कढीपत्ता कुरकुरीत करून केलेली पूड, थोडे मेतकूट, हे सगळे आपल्या घरात असते आणि त्यांच्या जोडीला मीठ नाममात्र लागते. हळद मात्र आधीच तेलात कालवून दाण्यांना लावावी, वरून घातली तर कच्ची लागते. चाट मसाला आणि तयार पेरी पेरी मसाला यांना मी सासऱ्यांच्या वाटीपासून दूर ठेवेन, कारण त्यांत मीठच मोठ्या प्रमाणात असते. मुलीला गोड हवे असेल तर गुळाचा पाक वेगळा करून वरून लावावा. साखर किंवा गूळ दाण्यांबरोबर मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, तो लाह्या होण्यापूर्वी करपतो आणि भांड्याला चिकटून बसतो.

तीन वर्षांच्या मुलाला मात्र पॉपकॉर्न देऊच नका. चार वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत लाही किंवा न फुटलेला दाणा अडकण्याचा धोका असतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ तो टाळायला सांगतात. लाही चुरून दिली तरी तिच्यातली टरफले राहतातच. ताईच्या वाटीतून त्याने उचलू नये म्हणून त्याला त्याच वेळी दुसरे काही द्यावे. कवळी वापरणाऱ्यांनीही न फुटलेले दाणे आधी वेचून काढावेत. लाह्या ओंजळीने वरच्या वर दुसऱ्या भांड्यात काढल्या तर असे दाणे आपोआप तळाशी राहतात.

पैशांचा हिशेब तुमच्या गावच्या भावाने तुम्हीच करू शकता. समजा दाणे किलोला १५० रुपयांनी मिळाले, तर ४० ग्रॅमचे सहा रुपये. चमचाभर तेलाचा एक रुपया धरा. आठशे वॅटची आच देणारा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात सुमारे बाराशे वॅट वीज ओढत असेल तर साडेतीन मिनिटांत ०.०७ युनिट जळते. युनिटला दहा रुपये दर धरला तरी ७० पैसे. सगळे मिळून आठ रुपयांच्या आत. त्यात दहा-वीस दाणे मुके राहिले तर तो तोटा पैशांत मोजण्याएवढा नाही, तेव्हा एकेक दाणा फुटलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. काचेचे भांडे विकत घ्यावे लागले तर पहिला खर्च वाढतो, पण ते इतर रांधण्यालाही उपयोगी पडते.

तुमच्याकडचे उरलेले दाणे फेकू नका, आधी हा प्रयोग करून पाहा. दाणे घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावेत. बरणी साधारण पाऊण भरावी, म्हणजे हलवायला जागा राहते. अर्धा किलो दाण्यांना मोठा एक चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर पाणी पुरते, आणि त्याने दाण्यांतली ओल जवळपास तीन टक्क्यांनी वाढते. तुमचे दाणे अर्ध्यावर आले असतील तर पाणीही अर्धाच चमचा घ्यावे. झाकण लावून बरणी जोरात हलवावी आणि पहिल्या दिवशी दर काही तासांनी पुन्हा हलवावी, नाहीतर तळचे दाणे भिजतात आणि वरचे कोरडेच राहतात. बरणी फ्रिजबाहेर, उन्हापासून दूर, तीन-चार दिवस राहू द्यावी. मग ४० ग्रॅम दाणे वर सांगितल्याप्रमाणे फोडून पाहावेत. पहिल्यापेक्षा स्पष्ट फरक पडला पण बरेच दाणे अजून राहत असतील तर आणखी पाव चमचा पाणी घालून दोन दिवस थांबावे. लाह्या चामट झाल्या तर पाणी जास्त झाले. बरणीचे झाकण एक दिवस उघडे ठेवावे, विदर्भाच्या उन्हाळ्यात तेवढे पुरते. आणि यातल्या कशानेच फरक पडला नाही, तर दाणा बारकाईने पाहा: तो बहुधा पॉपकॉर्नचा मकाच नसेल, किंवा वाळण्याच्या आणि दळणवळणाच्या भानगडीत त्याचे कवच तडकलेले असेल. असे दाणे दळून भाकरीच्या पिठात घालावेत आणि पॉपकॉर्नसाठी या खेपेला पाव किलोच नवे आणून, फ्रिजऐवजी घट्ट बरणीत ठेवावेत.